आदेश दिला, रोखले नाही

न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे कोणतेही निकालपत्र हाती आले की मी आधी शेवटचे पान उघडते आणि त्यातली क्रियापदे वाचते. 'मंजूर', 'फेटाळले', 'रद्द', 'कायम' हे एवढे कळले की मग सावकाश पहिल्या पानाकडे यायचे. गेले काही महिने रुवांडातील वंशसंहाराच्या खटल्यांमधली, त्यातही लष्करी अधिकाऱ्यांच्या अपिलांची निकालपत्रे मी याच सवयीने वाचत आहे. वाचता वाचता लक्षात आले की या अपिलांमध्ये वाद हत्याकांड घडले की नाही याचा जवळजवळ नसतोच. मृतदेह, दिवस, ठिकाणे बहुतेक मान्य असतात. वाद असतो तो वाक्याच्या कर्त्याचा आणि त्याच्यापुढे कोणते क्रियापद लावायचे याचा. 'माणसे मारली गेली' असे म्हणून मराठीत आपल्याला कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला थांबता येते. न्यायालयाला ती सोय नाही.

लिहायला बसल्यावर पहिली अडचण सर्वनामाची आली. मराठीत 'तो' म्हटले की निकाल लागलाच, आणि 'ते' म्हटले की सन्मान दिल्यासारखे वाटते. पण अपिलाच्या लेखात एकच माणूस पहिल्या परिच्छेदात दोषी आणि तिसऱ्या परिच्छेदात निर्दोष असू शकतो, मग त्याचे सर्वनाम वाटेत बदलायचे का? शेवटी मी सगळ्यांनाच 'ते' म्हणायचे ठरवले. यात आदर नाही, कागदोपत्री शिस्त आहे, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ६ एप्रिल १९९४ च्या संध्याकाळी रुवांडाचे राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीजवळ पाडले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना यांची आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील दहा बेल्जियन सैनिकांची हत्या झाली, आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत अल्पसंख्य तुत्सी समाजातील आणि बहुसंख्य हुतू समाजातल्या संहारविरोधकांपैकी मिळून सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. (पाहा, कर्मणी प्रयोग किती सहज येतो.) ८ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९५५ करून आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केले. ते टांझानियातील अरुशा येथे बसत असे. अपिलांचे खंडपीठ मात्र युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाशी सामाईक आणि मुख्यत्वे हेगचे. फाशीची तरतूद नव्हती. जन्मठेप ही कमाल शिक्षा.

अपील म्हणजे तोच खटला दुसऱ्यांदा चालवणे नव्हे, आणि हे न समजल्यामुळेच या निकालांवर दोन्ही बाजूंनी बरीच आगपाखड झाली. न्यायाधिकरणाच्या नियमावलीत अपिलासाठी दोनच दरवाजे होते. एक, कायद्याच्या प्रश्नावर झालेली आणि निर्णयच निरर्थक ठरवणारी चूक. दुसरा, तथ्याच्या बाबतीत झालेली आणि न्यायाचा विपर्यास घडवणारी चूक. दुसऱ्या दरवाजातून आत जाणे फारच कठीण, कारण 'मला पुरावा वेगळा दिसतो' एवढे अपिलाच्या न्यायाधीशाला पुरत नाही. हातातल्या पुराव्यावरून कोणताही समंजस न्यायाधीश या निष्कर्षाला येऊच शकला नसता, अशी त्याची खात्री पटावी लागते. साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिले खालच्या न्यायालयाने. त्याचे थांबणे, अडखळणे, उलटतपासणीत त्याचा बदललेला आवाज, हे सगळे त्याच्यासमोर झाले. त्यामुळे खालच्या न्यायालयाला झुकते माप द्यायचे, हा प्रघात.

साक्षीदारांचा मुद्दा आला म्हणून आणखी एक सांगते, कारण भाषांतरकार म्हणून मला ते विसरता येत नाही. साक्षीदार किन्यारवांडा भाषेत बोलत आणि न्यायाधीश ऐकत ते फ्रेंच किंवा इंग्रजीत. सुरुवातीच्या काळात तर वाक्य आधी फ्रेंचमध्ये जाई आणि तिथून इंग्रजीत. साक्षीदारांची नावे गुप्त ठेवलेली असल्यामुळे निकालपत्रात ते दोन-तीन अक्षरांनी ओळखले जातात. ज्या बाईने आपले घर संपताना पाहिले ती पुढच्या हजार पानांत दोन अक्षरे होऊन उरते, आणि तिचे वाक्य दोनदा भाषांतर होऊन आलेले असते. अपिलात त्या वाक्यातल्या एखाद्या क्रियापदावर दोन्ही बाजूंचे वकील तासभर बोलतात.

आता मुख्य प्रकरणाकडे येते. 'लष्करी खटला क्रमांक एक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात चार अधिकारी आरोपी होते: संरक्षण मंत्रालयातील कार्यालयप्रमुख कर्नल थेओनेस्त बागोसोरा, गिसेन्यी विभागाचे सेनाधिकारी अनातोल न्सेंगियुम्वा, पॅरा-कमांडो बटालियनचे प्रमुख अलोइस न्ताबाकुझे आणि जनरल ग्रासियां काबिलिगी. खटला २००२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, ४०८ दिवस प्रत्यक्ष कामकाज चालले, २४२ साक्षीदार तपासले गेले आणि १८ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला. काबिलिगी निर्दोष सुटले, उरलेल्या तिघांना जन्मठेप झाली. वंशसंहाराचा कट रचल्याच्या आरोपातून मात्र चौघेही सुटले. ही बातमी तेव्हा अनेकांना पचली नव्हती, कारण बागोसोरा म्हणजे या संहाराचा सूत्रधार अशीच जगभर समजूत होती. न्यायालयाचे म्हणणे असे की, संहार झाला, तुम्ही त्यात दोषी आहात, पण ७ एप्रिलच्या आधी तुम्ही एकत्र बसून हाच बेत ठरवला होता, एवढा एकच निष्कर्ष या पुराव्यातून निघत नाही.

अपिलाचा निकाल १४ डिसेंबर २०११ चा. त्यात बागोसोरांची जन्मठेप जाऊन ३५ वर्षे आली. का आली, हे समजून घ्यायला किगालीतल्या नाक्यांवर जावे लागते.

रस्ता अडवण्यासाठी आडवे टाकलेले ओंडके, दगड, कधी एखादी मोडकी गाडी. नाक्यावर सैनिक असत, इंटराहाम्वे या सत्ताधारी पक्षाच्या टोळीतले तरुण असत आणि आसपासचे साधे नागरिकही. येणाऱ्याकडे ओळखपत्र मागायचे. रुवांडाच्या त्या काळच्या ओळखपत्रावर जमात छापलेली असे, त्यामुळे प्रश्न विचारायची गरजच नव्हती. कागद उघडला की माणसाचा निवाडा होत असे. असे नाके शहरभर होते आणि तिथे पद्धतशीर कत्तल झाली. ६ ते ९ एप्रिल या काळात संरक्षणमंत्री देशाबाहेर असल्यामुळे मंत्रालयातील सर्वोच्च अधिकार बागोसोरांच्या हाती होते, असा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. त्यावरून न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या ठिकाणी, एकाच वेळी हे चालले आणि अधिकार यांच्याकडे होते, म्हणजे आदेशही यांनीच दिले असणार.

त्या 'असणार'वर अपिलात बोट ठेवले गेले. अपिलाच्या खंडपीठाने सांगितले की अधिकाराचे पद आणि गुन्ह्याची व्याप्ती यांवरून आदेश दिल्याचा निष्कर्ष काढायचा असेल, तर तो एकमेव समंजस निष्कर्ष असला पाहिजे, आणि इथे तो तसा नाही. म्हणून 'आदेश दिला' हे क्रियापद खोडले गेले. पण त्याने बागोसोरा सुटले नाहीत. त्या सैनिकांवर त्यांचे प्रत्यक्ष नियंत्रण होते, गुन्हे होत आहेत हे त्यांना माहीत होते किंवा माहीत असायला कारण होते, आणि त्यांनी ते रोखले नाहीत, दोषींना शिक्षाही केली नाही. वरिष्ठाची जबाबदारी ती हीच. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे या तिन्ही सदरांखालील त्यांची दोषसिद्धी वरिष्ठ या नात्याने टिकली. गिसेन्यी भागातल्या घटनांसह काही घटना मात्र त्यांच्या नावावरून उतरल्या.

'आदेश दिला' आणि 'रोखले नाही' यांत मेलेल्या माणसाच्या दृष्टीने काही फरक नाही. कायद्याच्या दृष्टीने आहे, आणि बराच विचार करून मला वाटते की तो असायला हवा. सेनाधिकाऱ्याच्या बाबतीत 'रोखले नाही' हे सौम्य क्रियापद आहे असे समजण्याची चूक आपण करतो, कारण आपल्या रोजच्या अनुभवात न रोखणे म्हणजे काठावर उभे राहणे. ज्याच्या एका शब्दावर बराकीतले सैनिक हलतात, त्याचे गप्प बसणे वेगळे. त्याचा नकार हा शस्त्रागाराच्या कुलपासारखा असतो. कुलूप उघडे ठेवले एवढेच केले, असे त्याला म्हणता येत नाही. तरीही उघडे ठेवणे वेगळे आणि आत जाऊन शस्त्रे वाटणे वेगळे, हे न्यायालयाने लिहून ठेवलेच पाहिजे. एरवी दोघांनाही एकच शब्द वापरला, तर ज्याने खरोखर आदेश दिला त्याच्यासाठी भाषेत काही शिल्लकच राहणार नाही.

न्सेंगियुम्वांचे अपील याहून पुढे गेले. मुडेंडे विद्यापीठ, न्युंडो धर्मकेंद्र, बिसेसेरो येथील घटनांबद्दलची दोषसिद्धी एकेक करून रद्द होत गेली आणि शेवटी ७ एप्रिलला गिसेन्यी शहरात झालेल्या हत्यांबद्दलची वरिष्ठ म्हणून जबाबदारी तेवढी उरली. जन्मठेपेच्या जागी १५ वर्षे आली. १९९६ च्या मार्चमध्ये कॅमेरूनमध्ये अटक झाल्यापासून ते कोठडीतच असल्यामुळे ती १५ वर्षे आधीच भरून गेली होती, आणि त्यांना तात्काळ मुक्त करण्याचा आदेश झाला.

तिसरे अपीलकर्ते न्ताबाकुझे यांचे अपील वेगळे काढावे लागले. २०११ च्या मार्चअखेर अरुशात झालेल्या सुनावणीला त्यांचे मुख्य वकील हजर राहिले नाहीत. आदल्या वर्षी त्याच वकिलांना रुवांडात वंशसंहार नाकारल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. बचावाच्या वकिलाने न्यायालयात मांडलेला युक्तिवाद न्यायालयाबाहेर गुन्हा ठरू शकतो का, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. न्ताबाकुझे यांचा निकाल ८ मे २०१२ रोजी लागला: ३५ वर्षे. काबेझा येथील हत्यांबद्दलची दोषसिद्धी गेली, पण न्यान्झा टेकडीची राहिली.

न्यान्झाची हकीकत मी निकालपत्रात तीनदा वाचली. किगालीतल्या एका तंत्रशाळेच्या आवारात बेल्जियन सैनिकांच्या आसऱ्याने दोन हजारांहून अधिक लोक गोळा झाले होते. ११ एप्रिलला ते सैनिक निघून गेले. लोक बाहेर पडले, त्यांना वाटेत अडवले गेले आणि रस्त्याने चालवत न्यान्झा टेकडीकडे नेण्यात आले. तिथे इंटराहाम्वे आणि सैनिकांनी मिळून त्यांना मारले. अपिलात प्रश्न एवढाच की तिथे असलेले सैनिक पॅरा-कमांडो होते का आणि त्यांच्या प्रमुखाला ते कळले असणार का. या ठिकाणी 'असणार' टिकले, कारण ते एका विशिष्ट पलटणीच्या शिस्तीवर, तिच्या हालचालींवर आणि तिच्या प्रमुखाच्या ठाऊक असलेल्या पकडीवर उभे होते. नुसत्या पदावर नव्हते. दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली की 'असणार' कधी चालते आणि कधी नाही, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले कळते.

'लष्करी खटला क्रमांक दोन'मध्ये तर आणखी उलथापालथ झाली. मे २०११ मध्ये लष्करप्रमुख ऑगस्टिन बिझिमुंगू यांना ३० वर्षे, टेहळणी बटालियनचे प्रमुख न्झुवोनेमेये आणि त्यांचे हाताखालचे अधिकारी कॅप्टन सागाहुतु यांना प्रत्येकी २० वर्षे आणि सशस्त्र पोलीस दलाचे प्रमुख न्दिन्दिलियिमाना यांना कोठडीत काढलेल्या काळाइतकी शिक्षा झाली. ११ फेब्रुवारी २०१४ च्या अपील-निकालात न्दिन्दिलियिमाना आणि न्झुवोनेमेये दोघेही पूर्ण निर्दोष ठरले आणि सागाहुतु यांची शिक्षा १५ वर्षांवर आली. बिझिमुंगू यांचे अपील वेगळे काढून ३० जून २०१४ रोजी निकाली निघाले. त्यांची ३० वर्षे कायम राहिली.

इथे जे मुद्दे चालले ते वरवर पाहता कोरडे आहेत: गुन्हा करणाऱ्यांवर या अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष नियंत्रण सिद्ध झाले का, त्याला कळले ते वेळेत कळले का, आणि ज्या घटनेबद्दल दोषी ठरवले ती दोषारोपपत्रात पुरेशी स्पष्ट लिहिली होती का. शेवटचा मुद्दा वर्तमानपत्रात 'तांत्रिक कारण' म्हणून येतो, आणि तो शब्द वाचला की मला राग येतो. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हे आरोपीला आधी सांगणे हे तंत्र नव्हे. वीस वर्षांपूर्वीच्या एका दिवशी तुम्ही कुठे होतात, असे विचारायचे असेल तर तो दिवस कोणता हे कागदावर असले पाहिजे. राग धरायचाच असेल तर तो ज्यांनी दोषारोपपत्रे ढिसाळ लिहिली त्यांच्यावर धरावा. त्यांच्या शब्दांच्या निष्काळजीपणामुळे काही घटनांचा कर्ता कायमचा अनुत्तरित राहिला.

लेफ्टनंट कर्नल थार्सिस मुवुन्यी यांचे प्रकरण या बाबतीत सगळ्यात विलक्षण. बुतारे येथील लष्करी शाळेतील हे अधिकारी. २००६ मध्ये त्यांना २५ वर्षे झाली. ऑगस्ट २००८ मध्ये अपिलात सगळीच दोषसिद्धी रद्द झाली, आणि फक्त एका मुद्द्यावर, गिकोरे येथील बाजारपेठेत त्यांनी केलेल्या भाषणावर, फेरखटल्याचा आदेश झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या एका भाषणाबद्दल, वंशसंहाराला उघड चिथावणी दिल्याबद्दल, १५ वर्षांची शिक्षा झाली आणि १ एप्रिल २०११ रोजी ती अपिलात कायम झाली. पलटण, छावणी, नाके सगळे गळून पडले आणि एका सैनिकाला दोषी ठरवायला शेवटी त्याचे बोलणे उरले.

तिसरे एक क्रियापद आहे, 'मदत केली'. ते रुवांडाच्या निकालपत्रांतही भेटते, पण त्याचा कस लागला तो युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणापुढे, बोस्नियातील स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडाच्या खटल्यात. बोस्नियन सर्ब सैन्याचे जनरल रादिस्लाव क्रस्तिच यांना ऑगस्ट २००१ मध्ये वंशसंहाराबद्दल ४६ वर्षे झाली. एप्रिल २००४ च्या अपिलात न्यायालयाने स्रेब्रेनिकात वंशसंहारच झाला हे ठामपणे उचलून धरले, पण क्रस्तिच यांचा स्वतःचा तो हेतू होता हे सिद्ध होत नाही, असे सांगितले. इतरांचा हेतू त्यांना माहीत होता आणि तरीही आपल्या कोअरची (सैन्यविभागाची) माणसे व साधने त्यांनी वापरू दिली, म्हणून ते वंशसंहाराला 'मदत करणारे' ठरले. शिक्षा ३५ वर्षे. पुढे वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, मुदतपूर्व सुटकेसाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्रेब्रेनिकातील वंशसंहार आणि त्यातील आपला सहभाग मान्य केला. त्यांच्या बाबतीत 'मान्य केले' हे क्रियापद कोणत्याही खंडपीठाला लिहिता आले नव्हते, ते त्यांनी स्वतः लिहिले.

अपील म्हणजे शिक्षा कमी करून घेण्याची खिडकी, असा या सगळ्यावरून समज झाला असेल तर बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्यातील जनरल स्टानिस्लाव गालिच यांचे प्रकरण पाहावे. तिथे वंशसंहाराचा आरोप नव्हता, नागरिकांवरील दहशतीचा होता. त्यांना २० वर्षे झाली होती. फिर्यादी पक्षानेही अपील केले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये २० वर्षांच्या जागी जन्मठेप आली.

या निकालपत्रांच्या शेवटच्या पानावर एक वाक्य येते, त्याचे मराठी मी 'अपीलकर्त्यास तात्काळ मुक्त करण्यात यावे' असे करीन. भाषांतराला अवघड काहीच नाही. पण कुठे मुक्त करावे, ते वाक्यात नाही, आणि कोणी, तेही नाही. न्सेंगियुम्वा, न्झुवोनेमेये, सागाहुतु, मुवुन्यी यांच्यापैकी कोणी शिक्षा भोगून, कोणी मुदतीआधी, तर कोणी निर्दोष ठरून सुटले, आणि अरुशातच अडकून पडले. रुवांडात परत जायला ते तयार नव्हते आणि त्यांना घ्यायला दुसरा देश पुढे येत नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नायजर देशाशी करार केला आणि डिसेंबरमध्ये अशा आठ जणांना नियामे शहरात हलवले. महिना संपायच्या आत, २७ डिसेंबरला, नायजरने त्यांना देश सोडण्याचा आदेश काढला. जायला जागा नसल्यामुळे ते तिथल्याच एका घरात, बाहेर पहारा आणि जवळ ओळखपत्र नाही अशा अवस्थेत राहिले.

बागोसोरा त्यांच्यात नव्हते. त्यांची ३५ वर्षे मालीच्या तुरुंगात चालू होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुदतपूर्व सुटकेचा अर्ज फेटाळला गेला आणि २५ सप्टेंबरला बामाकोच्या रुग्णालयात वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मुवुन्यी २०२३ च्या जूनमध्ये नियामेतल्या त्या घरात वारले; त्यांची सुटका होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.